एवर्टची मेंढी

चेरीच्या झाडांवरच्या जाळ्या उतरवताना डार्सी पायबसच्या पोटरीला मुंगी चावली. तेव्हा सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. दहा तेवीसला तो गेला होता.

साधी मुंगी नव्हे, जॅक जंपर. काळी, पिवळ्या पायांची, माणूस दिसला की पळून न जाता उलट त्याच्या अंगावर उड्या मारत येणारी. आम्हा टास्मानियातल्या लोकांना तिचं काही अप्रूप नाही. चावली तर दोन शिव्या घालायच्या, बर्फ लावायचा आणि कामाला लागायचं. पण काहींना तिचं विष सोसत नाही. त्यांच्यासाठी होबार्टच्या प्रयोगशाळेत त्याच विषाचं औषध बनतं. दर महिन्याला थोडं थोडं टोचायचं, अंगाला सवय लावायची. काट्याने काटा काढायचा, दुसरं काय! डार्सी अडीच वर्षं ते टोचून घेत होता.

म्हणजे तो मरायला नको होता.

तिसऱ्या दिवशी अकाली मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरच्या कचेरीतून सार्जंट डेस हॉलोवेने लॉर्ना ट्रिफिटला फोन केला. लॉर्ना एकसष्ट वर्षांची, त्या प्रयोगशाळेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. तेव्हापासून ती टोमॅटो लावते आणि पाणी कसं घालावं यावरून शेजाऱ्यांना चार शब्द सुनावते.

"बाई, दवाखान्यातल्या डार्सीच्या औषधाच्या बाटल्या मी ताब्यात घेतल्यात. तपासायला माणूस हवाय."

"प्रयोगशाळा आहे की."

"तिच्यावरच तर संशय आहे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या कशा देऊ? हे तपासणारी माणसं या बेटावर तीन. एवर्ट चिलकॉट जुलैत वारला. दुसरी टीगन, ती तिथेच नोकरीला. तिसऱ्या तुम्ही."

"म्हणजे कुणी नाही म्हणून मी."

"कुणी नाही म्हणूनच. उन्हाळा अजून दोन महिने आहे, बाई. आणि तेच औषध आणखी एकशेचाळीस जणांच्या दंडात गेलंय."

लॉर्नाने हातातला टोमॅटो खाली ठेवला.

"आधी मला त्याच्या बायकोला भेटायचंय," ती म्हणाली.

* * *

ह्युऑनव्हिलला पायबसांच्या घरात स्वयंपाकघराच्या टेबलावर चेरीची पाटी तशीच पडली होती. वरची फळं सुकायला लागली होती. तिल्डा पायबस समोर बसली. चाळिशीही न गाठलेली बाई, पण चार दिवसांत चेहरा पार उतरला होता.

डेसने वही उघडली. तिल्डाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती लॉर्नाला म्हणाली, "मी मारलं का त्याला?"

"असं का विचारता?"

"पेन. अ‍ॅड्रेनलिनचं. चावलं की मांडीत खुपसायचं ते. कायम त्याच्या यूट गाडीच्या पुढच्या खणात असायचं. सप्टेंबरात मीच काढून ह्या ड्रॉवरमध्ये ठेवलं."

"कशामुळे?"

"वाटलं, झाला बरा. सारखं ते डोळ्यांसमोर कशाला?"

"बरा झाला असं कुणी सांगितलं?"

"त्याच्या दंडाने." तिल्डाने स्वतःच्या दंडावर हात ठेवला. "पहिली दोन वर्षं टोचून आला की दंड टम्म सुजायचा. शर्ट निघायचा नाही. ऑगस्टात गेला आणि आला तर काहीच नाही! नर्स म्हणाली, अंगाला सवय झाली, छान आहे. येताना त्याने स्कॅलप पाय आणले, शिंपल्यांचं सारण भरलेले ते पेस्ट्रीचे, चार. दोन मी, दोन त्याने. मग उघडा दंड दाखवत शेजारी फिरून आला, गाढव."

भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर तसंच लटकत होतं. तिल्डाने ऑगस्टचं पान काढून दाखवलं. एकोणीस तारखेवर शाईने हसरा चेहरा काढला होता.

"त्यानंतर परत कधी सुजला?"

"नाही. एकदाही नाही." तिने पानं खाली सोडली. "माझी आई म्हणते, पेन काढलंस म्हणून गेला. सासू काहीच म्हणत नाही. ते जास्त लागतं. तुम्ही मला एवढंच सांगा, हो की नाही."

"मला अजून माहीत नाही," लॉर्ना म्हणाली. "कळलं की मी स्वतः येईन. पण गोड करून सांगायला मला जमत नाही."

"गोड नकोच आहे."

* * *

प्रयोगशाळेच्या दारातच टीगन धावत आली आणि लॉर्नाच्या गळ्यात पडली. बत्तीस वर्षांची, लांब हातापायांची मुलगी. यंत्राच्या खोलीत पहिलं पाऊल तिने लॉर्नाचं बोट धरून टाकलं होतं म्हणायला हरकत नाही. आता विषाचा सगळा विभाग तिच्याकडे होता.

"किती वाळलीस गं," लॉर्ना म्हणाली. "आणि हे काय, जानेवारीत, भर उन्हाळ्यात हातमोजे?"

टीगनच्या मनगटांवर राखाडी, मऊ, बोटं उघडी ठेवणारे लोकरी पट्टे होते. "यंत्राच्या थंड खोलीतून बाहेर आलं की मनगटं गारठलेली असतात ना. आईने विणलेत, तिने पाळलेल्या अल्पाकांच्या लोकरीचे."

"आत घालत नाहीस ना?"

"वेडी आहेस का? तूच तर ओरडून ओरडून शिकवलंस. दारात काढायचे, खुंटीला लावायचे."

चहाच्या खोलीत केकचा डबा होता. वर चिठ्ठी, गोल गोल अक्षरात: 'आईने पाठवलाय. रॉसने हात लावू नये.' रॉस गॅफनी, गुणवत्ता विभागाचा प्रमुख, त्यातलाच तुकडा खात उभा होता.

"बॅच एकतीस," त्याने कागद पुढे सरकवला. "नऊ जुलैला तपासली. विष पूर्ण ताकदीचं, अल्ब्युमिन ठीक. तपासणारा एवर्ट चिलकॉट, खाली त्याची सही. आमच्याकडून निघाली तेव्हा बॅच धडधाकट होती. दवाखान्याचा फ्रिज बघा."

"आणि फ्रिज ठीक असला तर?" डेसने विचारलं.

"तर मग एवर्टने काहीतरी गोंधळ घातला. शेवटी शेवटी तो जरा... जाऊ दे. गेलेल्या माणसाला काय विचारणार?"

लॉर्नाचा संताप झाला. एवर्टबरोबर तिने सव्वीस वर्षं एका टेबलावर काम केलं होतं. हे औषध म्हणजेच एवर्ट. वारुळं शोधत तो स्वतः रानात जायचा, अंगभर चावून घ्यायचा आणि हसत परत यायचा. विषातले पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे ते चिमुकले तुकडे, बाटलीच्या काचेला चिकटून बसतात आणि सुईत येतच नाहीत, हे त्यानेच शोधलं. त्यावर थोडं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक साधं प्रथिन, घालायचा उपायही त्याचाच. अल्ब्युमिन काचेवर बसतं, विष पाण्यात मोकळं राहतं.

यंत्राच्या डोक्यावर प्लॅस्टिकची छोटी मेंढी ठेवलेली होती. डेसने ती उचलली.

"ही कशाला?"

टीगन आणि लॉर्ना दोघी एकदम हसल्या.

"एवर्टची मेंढी," लॉर्ना म्हणाली. "हे यंत्र कसं चालतं माहितीय? आत एक बारीक नळी आहे, कॉलम म्हणतात. नमुना एका टोकाने आत ढकलायचा. कोणता पेप्टाइड लवकर बाहेर पडतो, कोणता चिकटून रेंगाळतो. मास स्पेक नावाचा वजनकाटा दारातच बसलेला असतो. बाहेर येईल त्याला तोलतो, फोडतो आणि ओळखतो."

लग्नाच्या जेवणावळीतून पाहुणे निघतात तसंच हे. कुणी हात धुतला की चालू लागतो, कुणी विड्यापर्यंत हलत नाही.

"त्याला काय वाटेल ते दिसतं," टीगन म्हणाली. "केस, कातडी, लोकर. आणि एवर्ट बारा महिने तोच हिरवा स्वेटर घालायचा, त्याच्या बायकोने, मेडाने, त्यांच्याच मेंढ्यांच्या लोकरीचा विणलेला. वर कोट चढवला तरी तंतू पडायचेच. त्याने तयार केलेल्या प्रत्येक नमुन्यात मेंढी! आम्ही ओरडायचो, तो म्हणायचा, स्वेटर काढला तर मेडाला काय सांगू?"

"मग?"

"मग मी यंत्रालाच सांगून टाकलं," रॉस म्हणाला. "मेंढी आणि माणसाची कातडी दिसली तर अहवालात घेऊ नकोस. आठ वर्षं झाली. कटकट गेली."

एवर्टचं टेबल अजून कुणी आवरलेलं नव्हतं. डेसने खाली वाकून पाहिलं, खणांच्या कडा चाचपल्या. काम करायच्या काचेच्या कपाटात आतल्या बाजूला एक पिवळी चिठ्ठी चिकटलेली होती.

'अल्ब्युमिन घातलं का? नीट आठव. ११ जुलै.'

"स्वतःलाच लिहून ठेवत होता म्हातारा," डेस हळूच म्हणाला. "रॉसचं खरं दिसतंय, बाई."

लॉर्नाने चिठ्ठी बघितली. अक्षर गोल गोल होतं. तिने चिठ्ठी अलगद काढून खिशात ठेवली.

* * *

पुढचे तीन दिवस लॉर्नाने यंत्र दुसऱ्या कुणाला शिवू दिलं नाही. आधी कोरं पाणी सोडलं, कॉलम धुतला, पुन्हा कोरं पाणी. मग दवाखान्यातून आणलेल्या बॅच एकतीसच्या बाटल्या लावल्या.

पहिल्याच दिवशी दुपारी तिने डेसला फोन केला. "बॅच एकतीस थांबवा. सगळीकडून. आत्ता."

"खराब आहे?"

"एक पंचमांश विष. अल्ब्युमिनचा पत्ता नाही. रिकामी बाटली मी तीव्र द्रावणाने खळबळून घेतली, तेव्हा राहिलेलं विष निघालं. सगळं काचेला चिकटलेलं."

"फ्रिजमुळे होईल असं?"

"फ्रिज अल्ब्युमिन खात नाही, सार्जंट. ते घातलंच गेलं नव्हतं. बाटल्या इथे भरल्या तेव्हाच."

"भरल्या कुणी?"

भरणीच्या नोंदीवरचं नाव लॉर्नाने पुन्हा वाचलं. "एवर्टने," ती म्हणाली.

ती त्याचं नाव राखायला आली होती आणि पहिल्याच दिवशी त्याचीच चूक तिच्या हाती लागली होती. त्या संध्याकाळी तिने टोमॅटोंना पाणी घातलं नाही.

पण मग नऊ जुलैच्या कागदावर सगळं ठीक कसं? त्यात विष पूर्ण होतं, अल्ब्युमिनही होतं. दुसऱ्या दिवशी तिने अहवाल बाजूला सारले आणि यंत्राच्या पोटातल्या मूळ नोंदी उघडल्या. तिथे काहीच वगळलेलं नसतं. दोन जुलै, एवर्टचा नमुना: मेंढी. चार जुलै: मेंढी. अकरा जुलै: मेंढी. मागे मागे जात तिने त्याचे चाळीस नमुने पाहिले. प्रत्येकात त्या हिरव्या स्वेटरची खूण होती. तिला हसू आलं आणि डोळेही भरले.

मग तिने नऊ जुलै उघडला आणि वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.

शेवटी तिने यंत्राला एक प्रश्न विचारला, जो त्या खोलीत कधी कुणी विचारला नव्हता. उत्तर यायला चाळीस मिनिटं लागली. ते तिने छापून घेतलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

* * *

चौथ्या दिवशी सकाळी अकराला तिने सगळ्यांना यंत्राच्या खोलीत बोलावलं. डेस दाराशी उभा राहिला. रॉस घड्याळ बघत होता. टीगनने कोपऱ्यातलं स्टूल घेतलं.

"एवर्टने बॅच एकतीस भरली आणि अल्ब्युमिन घालायला विसरला," लॉर्ना म्हणाली. "ही पहिली गोष्ट. मला ती सांगायला जड जातंय, पण ती खरी आहे."

"मी म्हटलंच होतं," रॉस म्हणाला.

"थांब. त्याने चूक केली, पण खोटं केलं नाही. अशा चुका पकडायलाच तपासणी असते. ती नऊ जुलैला झाली आणि त्यात सगळं उत्तम निघालं. कारण त्या दिवशी यंत्रात बॅच एकतीस गेलीच नव्हती."

"मग काय गेलं होतं?" डेसने विचारलं.

"बॅच तीस. प्रत्येक बॅचच्या मुंग्या वेगवेगळ्या वारुळांतल्या, त्यामुळे पाच मुख्य पेप्टाइडांचं आपसातलं प्रमाण दर वेळी जरा निराळं. नऊ जुलैचं प्रमाण बॅच तीसशी अंगठ्याच्या ठशासारखं जुळतं. कुणीतरी फ्रिजमधली जुनी, चांगली बाटली काढली आणि तिच्यावर एकतीसचं नाव घातलं."

"एवर्टनेच," रॉस म्हणाला. "चूक लक्षात आली, झाकली. सही आहे त्याची."

"मलाही एक दिवस तशीच भीती वाटली." लॉर्नाने मेंढीला हात लावला. "पण त्या नमुन्यात ही नाहीये, रॉस. आधीच्या चाळीस नमुन्यांत आहे, दोन दिवसांनंतरच्या नमुन्यात आहे. त्या एकातच नाही. जुलै महिना, डोंगरावर बर्फ, आणि एवर्ट स्वेटर काढून कामाला बसला? तो नमुना एवर्टने तयार केलाच नाही. करणाऱ्याने त्याच्या नावाने यंत्र उघडलं. अहवालात मेंढी आठ वर्षांपासून दिसतच नाही, म्हणून ती नाहीये हे त्या माणसाला कळलं नाही."

रॉसने घड्याळ बघायचं सोडलं.

"सही?" डेस म्हणाला.

"सही त्याचीच. एक माणूस असा होता की त्याने पुढे ठेवलेल्या कागदावर एवर्ट न वाचता सही करायचा." तिने खिशातून पिवळी चिठ्ठी काढली. "सार्जंट, तुम्हाला वाटलं हे एवर्टने स्वतःला लिहिलं. एवर्टचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हे अक्षर केकच्या डब्यावर होतं. तारीख बघा. तपासणीनंतर दोन दिवसांची. अल्ब्युमिन राहिलंय हे लिहिणाऱ्याला तेव्हाच ठाऊक होतं."

रॉसने टीगनकडे पाहिलं.

"नऊ जुलैच्या नमुन्यात काही पेप्टाइड यंत्राला ओळखता आले नव्हते," लॉर्ना पुढे बोलत राहिली. "कारण आपण त्याला मुंगी, माणूस आणि मेंढी यांच्यापलीकडे शोधायला कधी सांगितलंच नाही. मी सांगितलं, सगळ्या जनावरांत शोध. लोकर निघाली. मेंढीची नव्हे, उंटाच्या गोतातली. अल्पाकाची."

टीगनने मनगटांवरचे, आजही काढायचे राहिलेले पट्टे दुसऱ्या हाताने झाकले. मग तिने हात खाली सोडले.

"त्या दिवशी दारात काढायचे राहून गेले," ती म्हणाली. "घाईत होते मी."

"पहिल्यांदा तपासलंस तेव्हा किती आलं?"

"एकवीस टक्के. पुन्हा केलं, बावीस. मग मी एवर्टकडे गेले. म्हटलं, एवर्ट, एकतीसमध्ये अल्ब्युमिन घातलंस ना? तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, कसलं अल्ब्युमिन?" तिने तोंडावर हात धरला. "लॉर्ना, तो असं म्हणाला. ज्याने ते शोधून काढलं, तो!"

लॉर्नाने डोळे मिटले. तिच्या निरोपाच्या चहाच्या वेळी एवर्टने तिला दोनदा मेडा म्हणून हाक मारली होती. सगळे हसले होते, तीही हसली होती.

"किती दिवस चाललं होतं?" डेसने विचारलं.

"वर्षभर. पासवर्ड विसरायचा, मी घालून द्यायचे. टेबलभर चिठ्ठ्या लावायचे. डिसेंबरात निवृत्त होणार होता. पाच महिने, एवढेच. बॅच नापास झाली असती तर चौकशी, आणि त्याला हाकललं असतं. मला वाटलं, गुपचूप नवी बॅच करीन आणि एकतीस फेकून देईन. मुंग्यासुद्धा आणल्या होत्या. त्याने सही करताना विचारलं, पास झाली ना गं? मी म्हटलं, झाली."

"आणि मग?"

"मग तीस जुलैला तो गेला. चार ऑगस्टला अंत्यविधी. सहाला बॅच बाहेर पडली."

"मधे दोन दिवस होते," लॉर्ना म्हणाली.

"होते. पण चर्चमध्ये लोक काय काय बोलत होते, तू ऐकलंस ना. ती बाई म्हणाली, माझा नवरा जिवंत आहे तो एवर्टमुळे. मी कशी उठून सांगू? उद्या सांगू म्हटलं. मग बॅच गेली. मग वाटलं, हिवाळा आहे, मुंग्या बाहेर नाहीत, तोवर बत्तीस तयार होईल. बत्तीस डिसेंबरात झाली. पण आधी एकतीस संपवायची असा नियम." ती हुंदके देऊ लागली. "रोज सकाळी वर्तमानपत्र उघडायचे. रोज."

"उठून सांगायचं होतंस, पोरी," लॉर्ना म्हणाली. "रडत, अडखळत, कसंही. तुझ्या एवर्टची लाज राखलीस आणि त्या बाईचा नवरा गेला."

असं म्हणून ती टीगनजवळ गेली आणि तिचं डोकं पोटाशी धरलं. डेसने वही मिटली आणि थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत थांबला. मग त्याने टीगनला कोट घ्यायला सांगितलं. जाताना तिने मनगटांवरचे पट्टे काढून खुंटीला लावले, रोजच्यासारखे.

रॉस जागचा हलला नव्हता. "आधी जुनी बॅच संपवायची, तो नियम माझा," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

* * *

तिल्डाने चेरीची पाटी आता टेबलावरून उचलली होती. लॉर्नाने सगळं सांगितलं, क्रमाने, काही न वगळता. शेवटी तिने भिंतीकडे पाहिलं.

"मग ती सूज," ती म्हणाली. "सूज नव्हती, ती..."

"बाटलीतून विष जेमतेम येत होतं म्हणून."

"आणि आम्ही स्कॅलप पाय आणून खाल्ले."

"हो."

तिल्डाने कॅलेंडरचं ऑगस्टचं पान वर केलं, हसऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि मग पहिल्यांदाच मोकळं रडली. लॉर्नाने तिला रडू दिलं. चहा करायला ती उठली, पण कप कुठे असतात ते तिला माहीत नव्हतं, म्हणून परत बसली.

"आणि पेन?" बऱ्याच वेळाने तिल्डाने विचारलं. "यूटमध्ये असतं तर?"

"तर बहुतेक वाचला असता. गोड करून सांगणार नाही म्हटलं होतं." लॉर्नाने तिचा हात धरला. "पण तुम्ही ते काढलंत कारण तो बरा दिसत होता. तो बरा दिसत होता कारण कागद खोटा होता. तुम्ही नाही मारलं त्याला. विचारलंत तुम्ही, हो की नाही. नाही."

तिल्डाने मान हलवली. "त्या मुलीने हे सगळं त्या म्हाताऱ्याच्या मायेपोटी केलं?"

"हो."

"मीही पेन मायेपोटीच काढलं होतं." तिने नाक पुसलं. "त्याला ते बघून रोज मरण आठवायला नको, म्हणून."

लॉर्नाने तिच्यापुढे रुमाल सरकवला.

तिल्डा उठली. तिने ड्रॉवर उघडून पेन काढलं आणि उजेडात धरून त्यावरची तारीख वाचली.

"जूनपर्यंत चालेल," ती म्हणाली. "एकशेचाळीस जण म्हणालात ना, तेच औषध घेतलेले? त्यांच्यातही कुणाचा दंड सुजायचा थांबला असेल. कुणाच्या बायकोने काढून ठेवलं असेल. तिला द्या."

लॉर्नाने पेन घेतलं, पर्समध्ये नीट ठेवलं आणि दारापर्यंत चालत गेली. गाडीत बसून तिने ते परत बाहेर काढलं, पुढच्या खणात ठेवलं आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली.